काट्यावर उतरलेले दहा किलो

...तर अर्धा आत, अर्धा बाहेर असा तो काटेवाला अडकला. वर ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत, आणि हा लोखंडी झाकणाच्या चौकोनात बाटलीतल्या बुचासारखा घट्ट!

ट्रक तोलायच्या काट्यावर बावीस वर्षं नोकरी. काट्याखालच्या खड्ड्यात चिखल साचला की काटा खोटं वजन दाखवतो, म्हणून दर महिन्याला झाकणातून खाली उतरून चिखल काढायचा. पण प्रत्येक ड्रायव्हरबरोबर चहा आणि अर्धा पुडा बिस्किटं हाणणाऱ्याचं पोट काय झाकणाचं माप विचारून वाढतं? शेवटी दोघा क्लीनरांनी काखेत हात घालून उपसला.

मालक म्हणाला, "सहा महिन्यांनी तपासणीचे साहेब येणार. त्यांच्यादेखत खाली उतरलास तर नोकरी, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

काटेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. अशा वेळी मेहुणा धावून आला नाही तर तो मेहुणा कसला! स्वतः दरवाज्यातून आडवा शिरणारा हा गृहस्थ बारीक व्हायची पावडर विकायचा. "दाजी, फक्त प्यायची. बाकी खा, प्या, झोपा. चरबी झोपेत वितळते." उंटावरचे शहाणे ऐकले होते, हा तर उंटासकट शहाणा!

आठ दिवस पावडर ढोसून, वर नेहमीचं जेवून काटेवाला आपल्याच काट्यावर उभा राहिला. आठवड्यापूर्वी एकशेवीस होते, आज एकशेदहा! स्वारी नाचतच घरी आली.

बायकोनं शांतपणे विचारलं, "अहो, तुमचा काटा किलो-किलोनं मोजतो?"

"छे! ट्रकचा काटा तो. दहा-दहानंच सरकतो."

"मग मागच्या वेळी हातात काय होतं?"

"डबा."

"आणि आज?"

"आज... आधी जेवून घेतलं, डबा टेबलावर ठेवला."

"म्हणजे तुम्ही एकशेपंधराच्या काठावर होतात, डबा बाजूला ठेवला नि काटा एकशेदहावर पडला. बारीक डबा झालाय, तुम्ही नाही!"

बावीस वर्षं दुसऱ्यांची वजनं करणाऱ्याला हे कळू नये! दुसऱ्या दिवसापासून बायकोनं चार खणांचा डबा दोन खणांवर आणला. एकात भाजी, दुसऱ्यात बेताची पोळी. बिस्किटं बंद. जाता-येता मिळून दोन कोस पायी, ऊन असो की चिखल. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर ओरडायचे, "काटेवाले, गाडी पंक्चर झाली का?" हा धापा टाकत हात हलवायचा. महिन्याभरानं धाप गेली, पुढं ड्रायव्हरांची चेष्टाही थकली. दवाखान्यातल्या काट्यावर दर महिन्याला दोन-अडीच किलो उतरत गेले. डबा हातात न घेता, बरं का!

तपासणीच्या दिवशी साहेब आले. काटेवाल्यानं झाकण उघडलं, श्वास सोडला आणि सर्रकन आत. मालकानं मान डोलावली. तेवढ्यात मेहुणा धावत आला, झाकणावर वाकून ओरडला, "दाजी, आला ना पावडरीचा गुण? दुकानावर तुमचाच फोटो लावतो!"

खालून, चिखल उपसता उपसता काटेवाला म्हणाला, "आधी बाजूला हो, उजेड अडतोय. आणि फोटो लावायचाच तर माझ्या चपलांचा लाव, दोन जोड झिजलेत. तुझ्या पावडरीचा डबा पाच महिने उघडा पडलाय, मुंगीसुद्धा फिरकली नाही."