किटल्यांचं कॅरिअर

आमच्या फाटकाला कुलूप लागलं ते आबांसाठी. चोरासाठी कधी लावावं लागलं नव्हतं. सांगवीच्या वस्तीवर चहूकडे ऊस, मध्ये आमचं घर आणि गोठा. न्यायचंच म्हटलं तर चोराला आमची गाय न्यावी लागली असती, आणि तिचा स्वभाव बघता त्यानं ती दुसऱ्या दिवशी परत आणून बांधली असती. कुलूप मी आणलं, लावलं आईनं. किल्ली तिनं कमरेला खोचली.

माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी सणवार गेले, मग माणसं गेली. धारांची वेळ तेवढी राहिली. उन्हं कलली की ते उठायचे, टोपी घालायचे आणि विचारायचे, "सायकल कुठं हाय?" उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कालव्याकडच्या वस्त्यांवर फिरून दूध गोळा केलं आणि सायकलवरून डेअरीत पोचवलं. आता सायकल दिसली नाही की ते ती शोधायला बाहेर पडायचे. उसाचा हंगाम, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि त्यांच्या ड्रायव्हरना गाण्यांपुढे हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. मी एमआयडीसीतल्या दूध कारखान्यात फिटर आहे. ड्यूटीवर फोन वाजला की हातातला पान्हा टाकून मी आधी तो उचलायचो.

एकदा ते एसटीत बसून थेट इंदापूरला पोचले. माझी बहीण तिथं दिली आहे. तिच्या दिराला ते स्टँडजवळ दिसले. ओळीनं लावलेल्या सायकलींमधून फिरत होते आणि प्रत्येकीला मागच्या बाजूनं हात लावून बघत होते. हे त्यानं मला सांगितलंही होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. घरी सुखरूप आले, एवढंच मला पुरे होतं.

त्यानंतर बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हे वाढत जाणार, माणूस घरात ठेवा. म्हणून कुलूप. पहिल्या संध्याकाळी आबांनी फाटक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ओरडले नाहीत. अजिजीनं म्हणाले, "सोडा की वो. माझं दूध नासंल." आई चुलीपुढे पाठ करून बसून राहिली. मी गोठ्यात गेलो आणि गव्हाणीवर डोकं टेकून रडलो. बापाला कोंडणारा मुलगा असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं.

तिथंच, कडबा-कुट्टीच्या मशीनमागे, मला आबांची सायकल दिसली. खरं म्हणजे ती तिथं असल्याचं मला ठाऊक होतं, पण गंजलेलं लोखंड म्हणून तिच्याकडे कधी कुणी पाहत नव्हतं. आबांच्या उमेदीत डेअरीत दुधाच्या पावडरचं मशीन बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला होता, त्याची ती रेसची सायकल. सकाळी तो तिच्यावरून मोरगावपर्यंत जाऊन यायचा. आबा त्याच्या मुक्कामावर दूध घालायचे. परत जाताना तो सायकल त्यांच्या हवाली करून गेला. अशी सायकल साऱ्या तालुक्यात दुसरी नव्हती, आणि आबांनी महिन्याभरात तिची पार दूधवाल्याची सायकल करून टाकली. खाली वाकलेलं हँडल उलटं फिरवून वर घेतलं. ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग फासला. मागे लोहाराकडून एक दांडगं कॅरिअर जोडून घेतलं, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायला आकडे असलेलं.

सायकल समोर दिसली तर हा माणूस घरात थांबेल, असं माझ्या मनानं घेतलं. आई म्हणाली, "हाय तशी पुस आणि दाव त्यांला." पण चाकं जाम, टायर कुजलेले, सीटच्या जागी नुसती कांडी. असलं मढं बापापुढे कसं उभं करायचं? मी म्हटलं, नवीकोरी करतो. आई काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याकडे लक्ष द्यायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही.

मग मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो. ड्यूटीवरून आलो की गोठ्यात. रॉकेल, पॉलिश पेपर, पान्हे. पायडलचा आस बसतो तिथला उजवा कप निघता निघेना. आपल्या सायकलींचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, हे मला लहानपणापासून माहीत, म्हणून पान्ह्याला पाइप लावून मी त्याच्यावर लोंबकळलो. आणि हिचे दोन्ही कप सरळ आट्यांचे. म्हणजे संध्याकाळभर मी घाम गाळून तो कप आणखी घट्ट करत होतो. हे कळलं तेव्हा पान्हा एवढ्या जोरात फेकला की गाय बुजली. फाटकाशी आबा उभेच होते, आणि माझ्या आदळआपटीकडे वळूनही बघत नव्हते.

मोबाईलवर जुन्या सायकलींच्या शौकिनांचा एक ग्रुप सापडला. त्यातल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी फोटो मागवले आणि कॅरिअर पाहून हळहळले. अशा फ्रेमवर असलं काही जोडणं म्हणजे अत्याचार आहे, आधी ते काढा, हँडल खाली घ्या, मूळ रंग शोधा, असं त्यांनी कळवलं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी सांगत होतं की अमुक केलं की तमुक नीट होतं. ग्राइंडर लावून मी कॅरिअर कापलं आणि भंगारात टाकलं. हिरव्या रंगाखाली आकाशी निघाला. फ्रेम मोटरसायकलला बांधून इंदापूरला नेली. ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरनं आकाशी हुबेहूब जुळवला. मागे 'आईवडिलांची कृपा' लिहू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. मूळ सायकलीवर ते नव्हतं.

सायकल जोडून झाली तेव्हा ती इतकी देखणी दिसत होती की बहिणीनं व्हिडिओ कॉलवर तोंडाला हात लावला. संध्याकाळी, नेमकी धारांच्या वेळी, मी ती अंगणात आणली. आबा टोपी घालून बाहेर आले. सायकलीभोवती फिरले. मागे गेले आणि हात पुढे केला. हात सीटखालच्या नळ्यांवरून घसरला आणि तसाच हवेत राहिला.

"झ्याक हाय," म्हणाले. "कुणाची हाय ही?"

तुमचीच, मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. इंजिनिअरचं सांगितलं, कालव्याचं सांगितलं, माझा आवाज चढत गेला. त्यांनी मान हलवली. "माझी न्हाय." आणि फाटकाकडे गेले.

मी संतापलो. त्यांच्यावर, त्या पुण्याच्या गृहस्थांवर, त्या इटालियन माणसावर, ज्यानं आयुष्यात आमचं काही वाईट केलं नव्हतं. सायकल कालव्यात फेकून देईन असं मी ओरडलो. आई गोठ्यात गेली आणि हातात कॅरिअर घेऊन आली. मी कापलेलं, हिरवं, पोपडे निघालेलं. भंगारातून तिनं ते त्याच दिवशी उचलून ठेवलं होतं.

"त्यांची सायकल म्हंजी हे," ती म्हणाली. "बाकीची त्यांनी कवा बघितली?"

तेव्हा मला इंदापूरचा स्टँड आठवला. प्रत्येक सायकलीच्या मागे जाणारा त्यांचा हात आठवला. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. वेल्डिंग मशीन मागून आणलं आणि कॅरिअर होतं तिथं परत जोडलं. आकाशी रंग जळून काळा पडला, त्याचे फोड आले. हँडल उलटं केलं. आईनं किटल्या चिंचेनं घासल्या आणि आकड्यांना अडकवल्या. इतकी विद्रूप सायकल मी पाहिली नाही.

उन्हं कलली. आबा आले, मागे गेले, आणि त्यांच्या हाताला आकडा लागला. अंगठ्यानं त्यांनी तो दोनदा चाचपला. एक किटली काढली, हलवून पाहिली, पुन्हा अडकवली. मग कॅरिअरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"घावली," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मिस्त्री, तुमचं लई उपकार झालं बगा."

आबांनी मला जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

"माझं पोरगं एमआयडीसीत हाय," ते म्हणाले. "ते बी हिलाच हुडकत फिरतंय बिचारं. तिकडं गेला तर सांगा त्याला. सायकल घावली, आता घरला ये म्हणावं."

सांगतो, म्हणालो.

आई बाज घेऊन आली आणि सायकलीला लागून टाकली. आबा तिच्यावर बसले, एक हात कॅरिअरवर. फाटकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आईनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि मी कुलूप काढलं. मग मी वेड्यासारखं एक केलं. फाटकाबाहेर गेलो, रस्त्यावर थोडा उभा राहिलो आणि ड्यूटीवरून येतो तसा आत आलो.

"आबा, आलो मी."

त्यांनी मान वर केली. नीट पाहिलं. माझ्या मागे, उघड्या फाटकापलीकडे रस्त्यावरही पाहिलं.

"मिस्त्री," म्हणाले, "पोरगं भेटलं न्हाय का?"

"भेटलं," मी म्हटलं. "येतंय. वाटंत हाय."

बरं, म्हणाले, आणि बाजेवर सरकून त्यांनी त्याच्यासाठी जागा केली.