सहावी ‘ब’मधला प्रश्न

“हा वर्ग आहे की मासळीबाजार?”

पर्यवेक्षिका दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुम्हाला सवय असेल. आमच्या मुलांना नाही.”

सहावी ‘ब’ हसली. एका मुलानं नाक दाबलं. ठाण्यात, नौपाड्यातल्या त्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, माझी आई कोपरीच्या बाजारात मासळी विकते.

मी खडू हातात धरून उभी. एक शब्द बोलले नाही.

गोंगाट होता, हे खरं. मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलेलं. न्यायावर पानंच्या पानं लिहिलेली. ते वर्गात आणावं असं वाटायचं. म्हणून त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘एखादा नियम न्याय्य आहे, हे कसं ओळखायचं?’ मुलं तावातावानं भांडत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, झाडू मारणाऱ्या मावशींचा कप स्टाफरूममध्ये वेगळा का असतो?”

हे पर्यवेक्षिकांनी दारातून ऐकलं आणि मग तो मासळीबाजाराचा टोमणा आला.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला. पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारणार नाही, असं लिहून द्यायचं. बाकीचे शिक्षक डबे उघडून बसलेले. कुणी मान वर केली नाही.

तो कप मी चार वर्षं बघत होते. रोज. एवढं शिकून. तोंड उघडलं ते अकरा वर्षांच्या पोरीनं. मासळीबाजारापेक्षा हे जास्त झोंबलं.

मी सही केली नाही. म्हटलं, “तिनं विचारलं ते खरं आहे. उत्तर आपण द्यायचंय.”

दुसऱ्या दिवशी वर्गाला विचारलं, “काल का हसलात?”

 नाक दाबणारा मुलगा खाली बघत म्हणाला, “सगळे हसले म्हणून.”

“सगळे हसले म्हणून ते बरोबर?”

“नाही, बाई.”

आठवड्याभरात सहावी ‘ब’ माझ्याकडून काढून घेतली. आता ज्या वर्गाचे शिक्षक रजेवर, तिथे मला पाठवतात. स्टाफरूममध्ये शेजारची खुर्ची रिकामी असते. मावशीही माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना नोकरीची भीती. घरी मी काही सांगितलेलं नाही. आपल्या मासळीमुळेच हे झालं म्हणून आई स्वतःलाच दोष देत बसेल.

फार एकटं वाटतं. पण सगळ्यांत मिसळून गप्प बसायचे तेव्हाही एकटीच होते. फक्त ते मान्य करत नव्हते.

पाठवतील त्या वर्गात जाईन. तिथेही असेच प्रश्न विचारेन. नोकरी गेली तरी चालेल, तोंड मिटून मुलांसमोर पुन्हा उभी राहणार नाही.