प्रत्येक प्रश्नाच्या वर साहेब

मी अमरावतीत वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरीला होतो. घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजच्या दिवसांत माझ्या वाटणीची कापूसवेचणी धाकट्या बहिणीनं केली, म्हणून शिकू शकलो.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी गेली. बाबा तिला म्हणाले, "फुकट वसतिगृहात नंबर लागला तं शिक, नाई तं घरी राह्य."

वसतिगृह अकोल्याच्या एका संस्थेचं होतं. प्रवेशपरीक्षा ऑनलाइन, तीस प्रश्न, एक तास. परीक्षेची पानं योगायोगानं मीच बनवली होती. प्रत्येक प्रश्नाचं पान वेगळं, आणि प्रत्येक पानावर अध्यक्षसाहेबांचा फोटो हवा, ही संस्थेची अट. फोटो फार मोठा होता. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये पान आपल्यापुरतं बदलून पाहता येतं; तिथे मी त्याची रुंदी कमी करून पाहिली आणि तोच आकडा खऱ्या पानात टाकला. दिसायला लहान झाला, फाइल तेवढीच राहिली. पुढे साहेबांनी नवा, फेट्यातला फोटो दिला. संस्थेच्या कार्यालयातल्या बाबूंना त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेला जुनाच दिसत राहिला, म्हणून तो दर वेळी नेटवरून नव्यानं उतरेल अशी व्यवस्था केली. फोटो उतरल्याशिवाय प्रश्न दिसत नसे. ऑफिसच्या नेटवर ते कधी जाणवलं नाही. त्याच टूल्समध्ये नेटचा वेग कमी करून पाहता येतो. मी पाहिलं नाही.

परीक्षेला बहीण बार्शीटाकळीच्या नेट कॅफेत बसली. दहा मिनिटांत तिचा फोन.

"दादा, सायेबच येऊन राहिले. प्रश्न नाई येऊन राहिला."

मी ते पान उघडलं, टूल्समध्ये फोटोची ओळ खोडली. प्रश्न लगेच समोर आला. पण तो माझ्याच स्क्रीनवर. काम सोपवल्यापासून खरं पान बदलायचा पासवर्ड बाबूंकडे होता. त्यांना फोन लावला.

"सायेबाचा फोटो काढाले तुमी कोन? सायेब मीटिंगमधून आले म्हंजे इचारतो."

मी हात जोडल्यासारखा बोलत होतो. त्यांनी फोन ठेवला. माझ्या स्क्रीनवर मी उगाच ती ओळ पुन्हा पुन्हा खोडत होतो. पान रिफ्रेश केलं की फेटा परत यायचा.

तास संपला. तिचे अकरा प्रश्न झाले होते.

"कायले रडून राहिला?" ती फोनवर म्हणाली. "फोटो तं मस्त साफ दिसत होता."

फोटो काढायची परवानगी दुसऱ्या दिवशी आली. पुढे लागलेल्या निवडयादीत तिचं नाव नव्हतं. बाबांना तिनं एवढंच सांगितलं, की नेट गेलं होतं. ते पान मी बनवलं होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.