तलावावरच्या दगडाची तिसरी ओळ

कोनशिला दिसली की माझे पाय थांबतात. नोकरीची सगळी वर्षं मी बीडात शिक्षिका होते, आणि तिथल्या पाट्या मला पाठ आहेत. जुन्या वेशीवरचा फारसी लेख वाचता येईना, तर एका मौलवींना गाठून तो वाचून घेतला. सूतगिरणीची, दूध संघाची, सोसायटीच्या गोदामाची, चौकातल्या पुतळ्याखालची, एकही सोडली नाही. अमक्यांच्या शुभहस्ते, तमक्यांच्या अध्यक्षतेखाली. गोदामाचे पत्रे उडून गेले, पाटी मात्र शाबूत. बाई पुन्हा भिंत वाचायला लागल्या म्हणून पोरी हसायच्या. हसू देत. मला त्या दगडांवरच्या मेलेल्या माणसांचा हेवा वाटायचा, उघडच सांगते. माझ्या मायचं नाव अख्ख्या जगात एकाच दगडावर होतं, आणि तेवढं एकच मला वाचता येत नव्हतं.

माय गेली बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव पाटोद्याकडचं. मजूर सोसायटीनं गावाजवळ पाझर तलावाचं काम घेतलं होतं. बाया खाली माती खणायच्या, पाट्या भरून भरावावर टाकायच्या. एका दुपारी दरड खचली आणि चौघीजणी खाली गाडल्या गेल्या. चौघी आमच्याच गावच्या, त्यातली एक माझी माय. मी सहा वर्षांची. तिचा फोटो नाही. शाळेच्या दाखल्यावर तेव्हा बापाचंच नाव लागायचं. हजेरीच्या कागदावर तिचा अंगठा होता, तो कुठल्या दप्तरात वाळवीनं खाल्ला असेल देव जाणे.

काम पुरं झाल्यावर सोसायटीनं भरावाच्या टोकाला एक काळा दगड उभा केला, अक्षरं कोरलेला. चौघींची आठवण म्हणून दगड बसवला, असं चेअरमननं गावाला सांगितलं. हार घातला, भाषण केलं, गेला. माझ्या वडिलांना, दादांना, वाचता येत नव्हतं. त्यांनी मुकादमाला विचारलं, आमच्या घरातलीचं नाव कुठं हाय? मुकादम म्हणाला, तिसरी ओळ. दादांनी माझं बोट धरून त्या ओळीवरून फिरवलं. अक्षरं चांगली खोल होती.

मग दर अवसेला मी तेल आणि कुंकू घेऊन जायची आणि ती ओळ भरायची. पोरीला दुसरं काय सुचणार? माझं बघून बाकीच्या तीन घरच्या बाया यायला लागल्या. पुढच्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला आणि सगळ्या गावाला दगडात सत्त्व दिसलं. कुंकवाचा शेंदूर झाला, दगडाची तळ्याची आई झाली. मी मामाच्या गावी शाळा शिकून तीन वर्षांनी परतले, तर अक्षरं पार बुजलेली. वाचायला आलं होतं, आणि पुढं नुसता लालभडक गोळा. सुरुवात माझ्याच हातानं झाली होती. कुणाला बोल लावणार?

मोठी झाल्यावर मी गुरवाला तीनदा विनवलं, एवढीशी जागा खरवडू द्या. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा गावातली जाणती माणसं गोळा करून बसला. तिसऱ्यांदा हळूच म्हणाला, "देवीचं अंग खरवडता, बाई? तुमचीच माय हाय ना ती?" पुढं कुण्या नव्या चेअरमननं देवीवर पत्र्याची शेड घातली आणि खांबावर पांढऱ्या संगमरवरी पाटीत स्वतःचं नाव लावलं. ते मला रस्त्यावरूनच वाचता यायचं.

मी निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा कोरडा पडला. तळाला हात जाईल अशा भेगा. एका सकाळी पुतण्याचा फोन आला, आत्या, देवीचं कवच गळून पडलंय. शेंदराचे थर वाढत गेले की कधीतरी ते आपोआप सुटतात. गावात तो मोठा योग मानतात. मी मिळेल त्या एस.टी.नं निघाले. साठीला आलेली बाई, पण लहान पोरीसारखी पुटपुटत होते, माय, आले गं, आले.

गाव जमलेलं. कवचाचं विसर्जन करायला पाणी नव्हतं, म्हणून ते घमेल्यात ठेवून टँकरची वाट बघत होते. दगड उघडा होता. मी चष्मा पुसून वाकले. पहिल्या ओळीत तलावाचं नाव. दुसरीत सोसायटीचं. तिसरीत चेअरमनचं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. खाली उद्घाटक, त्याखाली इंजिनिअर. अगदी तळाला बारीक अक्षरांत, काम करताना चार मजूर स्त्रिया कामी आल्या. बस्स. चार. नाव एकीचंही नाही.

मी पुन्हा वाचलं. दगडाच्या मागं जाऊन बघितलं. मुकादमालाच वाचता येत नव्हतं, की बायको गेलेल्या माणसाला नाही म्हणवेना त्याला, कोण जाणे. मी मात्र दर अवसेला चेअरमनच्या नावाला कुंकू लावत होते. असा संताप आला की तो दगड घणानं फोडावा. आणि दादा जन्मभर त्या ओळीला हात जोडत राहिले.

तेवढ्यात चौघींपैकी एकीची थोरली सून पुढं आली. ऐंशीची असेल, डोळ्यांत मोतीबिंदू. माझा दंड धरून म्हणाली, "बाई, आमच्या आत्याबाईचं नाव हाय न्हवं? वाचा की जरा."

मला खरं सांगता आलं असतं.

"हाय," मी म्हणाले.

आणि दगडावर बोट ठेवून, वर्गात वाचून दाखवावं तसं, मी चौघींची नावं मोठ्यानं वाचली. तिच्या सासूचं आधी, मायचं शेवटी. म्हातारीनं पदर पसरून नमस्कार केला. गुरवानं तेलात शेंदूर कालवला आणि पहिला हात बाईंचा म्हणून वाटी माझ्यापुढं धरली. मी नको म्हणाले नाही. हात भरून शेंदूर घेतला आणि त्या दगडावर लिहिलेलं सगळं झाकून टाकलं.