कापून उरलेला हमाल

मी पोटासाठी कार्टून कापतो. सिंगापूरच्या तोआ पायोह भागात एका इमारतीत मुलांच्या एका चॅनेलचं ऑफिस आहे. तिथे जगभरातून विकत घेतलेली कार्टून्स लहान मुलांना दाखवण्याजोगी करणं, हे माझं काम. सिगारेट काढायची, दारूची बाटली काढायची, कपाळाला लावलेली बंदूक काढायची. नागपूरला कॉम्प्युटर शिकून सिंगापूरला गेलेला मुलगा दिवसभर कार्टून बघतो, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, तो बँकेत आहे.

गेल्या वर्षी ऑफिसने जुन्या परदेशी कार्टूनांचा एक गठ्ठा घेतला. त्यात एक महायुद्धाच्या काळातलं निघालं. शत्रूची टर उडवायची, लोकांना हसवायचं आणि हसता हसता लढाईच्या बाजूला वळवायचं, एवढ्यासाठी काढलेलं. नायक एक बोकड. तो सैन्यात भरती होतो, चुकून एका बेटावर एकटाच उतरतो आणि तिथली सगळी जपानी फौज दोरीला बांधून आणतो. फौज म्हणजे एकसारखे दिसणारे बुटके लोक. जाड चष्मे, ओठांबाहेर आलेले दात, डोळ्यांच्या जागी दोन रेघा. बोकड एकाला लाथ घालतो आणि ओळच्या ओळ आडवी होते. त्या काळी लोक पोट धरधरून हसले असतील.

आणि त्यात एक हमाल होता. बोकड बेटावर उतरतो तेव्हा त्याचं सामान उचलायला कुठूनसा एक काळा माणूस येतो. डोक्याला मुंडासं, कमरेला लंगोटी, बाकी उघडा. बोकड त्याच्या डोक्यावर एकावर एक ट्रंका रचतो आणि प्रत्येक ट्रंकेबरोबर त्याची मान थोडी थोडी खांद्यांत शिरते. शेवटी मान राहतच नाही. मग तो तसाच गुडघे फाकवून, डोकं हलवत, दात काढत बोकडामागे चालू लागतो. तो कुठला हे सांगायची गरज नव्हती. त्याने पाऊल उचललं की मागे पुंगी वाजायची.

आमच्या प्रमुख बाई इथल्याच, चिनी. कामाला चोख आणि बोलायला मोजक्या. त्यांनी माझ्या शेजारी बसून ते पूर्ण बघितलं. संपल्यावर म्हणाल्या, "जपान्यांचं राज्य होतं तेव्हा माझी आजी इथेच होती. मरेपर्यंत ती त्यांना शिव्या घालायची. पण हे बघून ती हसली नसती." मग त्यांनी स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे डोळे काही त्यांच्या एकट्यांचे नाहीत."

मला त्या क्षणी त्या बाईंबद्दल फार आदर वाटला. शत्रूची टर म्हणून काढलेलं चित्र कुणाकुणाच्या तोंडावर जाऊन बसतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. मी मनापासून कापलं. एकही दात, एकही रेघ ठेवली नाही.

पण एवढं कापल्यावर कार्टून निम्मंच उरलं आणि संगीत मध्येच लोंबकळायला लागलं. असं झालं की आम्ही उरलेल्यातला एखादा तुकडा परत एकदा जोडतो. चालण्याचा तुकडा सगळ्यांत सोयीचा, कारण पावलं कुठेही तोडली आणि कुठेही जोडली तरी चालतं. बाई म्हणाल्या, "त्या हमालाचं चालणं दोनदा घे."

"काढायचंच असेल तर तोही काढायला हवा," मी म्हणालो.

"का? तो तर शत्रू नाही."

"तो इंडियन आहे."

बाईंनी प्रामाणिकपणे मागे जाऊन परत बघितलं. "असेल. पण याच्याबद्दल कुठूनही तक्रार नाही."

ते खरं होतं. आमचे नियम तक्रारींतून तयार होतात. जो ओरडतो त्याचं तोंड वाचतं. मी वर मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं, की हे पात्र आनंदी स्वभावाचं आहे, ठेवायला हरकत नाही. आनंदी स्वभावाचं! डोक्यावर डोंगर ठेवला आहे आणि दात काढतोय, म्हणजे आनंदीच असणार. मी पुन्हा बोललो तेव्हा बाई जरा थकल्या. "ऑफिसात तुझ्याशिवाय आणखी इंडियन आहेत. मी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, चालेल."

त्यांतला एक पुण्याचा. आम्ही रोज दुपारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये एका टेबलावर जेवतो. मी त्याला विचारलं, चालेल कसं म्हणालास? तो नूडल्स गुंडाळत शांतपणे म्हणाला, "अरे, तो कुठे आपण? तो हमाल आहे."

मी त्याला सांगितलं, माझे आजोबा हमाल होते. त्याच लढाईत. बंदूक मिळेल म्हणून भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात त्यांना ओझी वाहायला लावलं. दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन चिखलातून चालायचे. परत आले तेव्हा मान कायमची आखडली होती. कुणी हाक मारली तर ते मान वळवत नसत, सगळं अंग वळवत. गावात वरच्या आळीतली पोरं त्यांच्यामागे तसंच मान आखडून चालत यायची. माझ्या वडिलांनी ते लहानपणी बघितलं होतं. वडील तापट नव्हते, पण हे सांगताना ते ताडकन उठून ती मान मला करून दाखवायचे.

माझा जेवणसोबती ओशाळला. "सॉरी रे. पण हे शेवटी कार्टून आहे," असं म्हणून तो दोघांसाठी चहा आणायला गेला. चांगला माणूस आहे. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

रात्री बायकोशी बोललो. ती जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये आहे. पहाटे कंपनीची बस पकडते आणि संध्याकाळी घरी येते ती अर्धी झोपेतच. तिने सगळं ऐकून घेतलं. "तुझं चुकत नाही रे. पण तुझा इथे काम करायचा पास रिन्यूअलला आलाय. आता या एका हमालापायी भांडू नकोस." यात तरी तिचं काय चुकलं?

मी ते चालणं दोनदा जोडलं. हाताला कसब आहे, ते दगा देत नाही. सांधा कुठे आहे ते मलाही नंतर सापडेना. आता कार्टून असं झालं होतं: बोकड उतरतो, हमाल चालतो, हमाल पुन्हा चालतो, बोकडाला पदक मिळतं. लढाई गेली, फौज गेली. हे कार्टून मुळात कशासाठी बनवलं होतं, तेही गेलं. हसायला एकटा तो उरला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळीचा खिळा ठोकायला मी. इतका संताप आला होता, की घरी येईपर्यंत मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

कार्टून चॅनेलवर लागलं, पण त्या दिवसांत आमची खरी काळजी वेगळीच होती. आम्ही सेंगकांगला राहायला आलो आणि मुलीची शाळा बदलली. ती नऊ वर्षांची. नव्या शाळेत तिचं कुणाशी जमेना. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते, असं टीचरने आम्हाला सांगितलं होतं. वाढदिवसाला तिने वर्गात सगळ्यांना बोलावलं आणि एकही जण आला नाही. आम्ही तिघांनीच केक कापला. रात्री बायको बाथरूमचा नळ सोडून आत रडत होती, ते मला ऐकू येत होतं. त्यामुळे एके दिवशी मुलीच्या तोंडून मैत्रिणींची नावं यायला लागली, तेव्हा बायकोने हौसेने शिरा केला. मीही दोनदा मागून घेतला.

पुढच्याच आठवड्यात मी एलआरटीच्या गाडीतून उतरून घरी येत होतो. आमच्या ब्लॉकच्या तळाशी मोकळी जागा आहे, तिथे मुलं खेळतात. त्या दिवशी तिथून मोठमोठ्याने हसण्याचे आवाज येत होते. खांबांमधून बघितलं तर वर्गातल्या पाच-सहा मुली गोल करून उभ्या होत्या आणि मधोमध माझी मुलगी. त्या एकेक करून आपली दप्तरं तिच्या डोक्यावर ठेवत होत्या. प्रत्येक दप्तराबरोबर ती मान थोडी थोडी खांद्यांत ओढून घेत होती. मग गुडघे फाकवून, डोकं हलवत, दात काढत ती चालायला लागली. एकीने तोंडाने पुंगी वाजवली. माझ्या मुलीने एक फेरी मारली आणि न थांबता तशीच दुसरी मारली, कारण कार्टूनमध्ये तो दोनदा चालतो.

तिला माझे आजोबा माहीत नव्हते. घरात त्यांचा फोटोही नाही. तरी ती मान अगदी तशीच होती, वडील मला करून दाखवायचे तशी.

मी लिफ्टने वर गेलो. ती आल्यावर तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पणजोबा, पेट्या, चिखल, गावातली पोरं. मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. माझा आवाज चढला तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"दे नॉट बुलिंग मी, पप्पा," ती म्हणाली. "दे आस्क फर्स्ट. आय से कॅन."

"तुला राग नाही येत?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही. "लिटल बिट. बट बिफोर दिस, नोबडी कॉल मी."

नको करूस, असं म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर तिने ऐकलंही असतं. उद्यापासून ती पुन्हा एकटी डबा खायला लागली असती. मला तेव्हा समजलं, की आता माझ्या हातात कापण्यासारखं काही राहिलेलं नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

रविवारी सकाळी बेल वाजली. बाहेर तीन मुली. "अंकल, कॅन शी कम डाउन?" मुलगी धावत माझ्यामागे येऊन उभी राहिली. आधी तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हो म्हणण्याची ती वाट बघत होती.

"जा," मी म्हणालो.

ती चपला घालून बाहेर पडली, लिफ्टपर्यंत गेली आणि काहीतरी आठवून परत आली. शाळेला सुट्टी होती, तरी ती दप्तर घेऊन गेली.