चौदाव्या फाटकाचे दोन सेकंद

ताचेनच्या बंधाऱ्यावरून कयाक होडी खाली कोसळली की सावा नदी माणसाला चेचते. गोराझ्द प्रेम्रल तिलाच चेचायला निघायचा. चौतिशीचा गडी, व्हॅनमध्ये झोपून युरोपभर शर्यती मारायचा. निखळलेला खांदा झाडावर आपटून स्वतःच बसवायचा.

शर्यतीत पाण्यावर लोंबणाऱ्या दोन-दोन दांड्यांच्या फाटकांमधून होडी काढायची, दांडीला लागलं की वेळेत दोन सेकंद वाढतात. गेल्या वर्षी इथेच चौदाव्या फाटकाच्या दांडीला तो घासला, म्हणून तिथे पंच असलेल्या आमच्या विल्कोने दोन सेकंदांचा दंड लावला. गोराझ्दने काठावर येऊन त्याचे दोन दात पाडले.

"सेकंदाला एक," म्हणाला.

यंदाही चौदाव्यावर पंच विल्कोच, नोंदी लिहायला मी. गोराझ्द लाटा फोडत आला, प्रवाहाविरुद्ध वळला आणि दांडी त्याच्या हेल्मेटवर टक्कन वाजली. विल्कोने दंडाचा फलक मांडीखाली दाबून धरला.

"शून्य लिही."

"अरे, लागली की त्याला."

"दात काय तुझे पडलेत? लिही गुमान."

मी लिहिलं. गोराझ्द पहिला आला. पदक गळ्यात घालून, निथळत तो सरळ आमच्याकडे आला. विल्कोने आधीच तोंडावर हात धरला.

"दांडी लागली होती मला," गोराझ्द म्हणाला.

"मला नाही दिसली बाबा."

"गेल्या वर्षी खरं बोललास तरी मारलं तुला. आज तर खोटं बोलतोयस."

एका ठोशात विल्को खुर्चीसकट मागे गेला. नाकातून भळाभळा रक्त. गोराझ्दने पदक काढून त्याच्या छातीवर फेकलं आणि माझ्याकडे वळला.

"आणि शून्य लिहिलं कोणी?"