आरसा नसलेलं कपाट

साऱ्या अलिबाग तालुक्यात माझ्या सुतार मित्राइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. त्या बाकाचा पाय डुगडुगतो म्हणून याचं फळ्याकडे कधी लक्ष नसे, आणि छड्या मात्र दोघांच्या हातावर पडत. पुढे मी मास्तर झालो, निवृत्त झालो, नागावात वाडीत दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवू लागलो. हा आपला तिथेच, लाकडाच्या भुशात घोट्यापर्यंत बुडालेला.

त्याच्याकडून खुर्ची करून घेण्यापेक्षा पोलिसांत जबानी दिलेली बरी. “चष्मा काढून कुठं ठेवतोस? पेपर मांडीवर धरतोस का तोंडासमोर? जेवल्यावर कुठल्या अंगाला कलंडतोस?” एवढ्यावर भागलं असतं तर नशीब म्हटलं असतं. पण आपल्या अंगणात त्याने किनाऱ्यावरची ओली वाळू आणून ढीग घातला होता. त्यात मला बसवलं, पाच मिनिटं हलू दिलं नाही, आणि मग उठवून त्या खळग्याची दोरीने मापं घेतली. माझी बायको कुंपणापाशी उभी राहून पोट धरून हसत होती. “तोंड खोटं बोलतं रे मास्तर, बूड न्हाय,” असं म्हणून त्याने मापं पाटीवर लिहून घेतली. खुर्ची आठ महिन्यांनी आली. फणसाच्या लाकडाची, बिनखिळ्याची, नक्षीचं नाव नाही. त्या दिवसापासून माझी कंबर दुखलेली नाही, हे मी त्याच्या तोंडावर अजून कबूल केलेलं नाही. करणारही नाही, डोक्यावर बसेल.

नक्षी म्हटली की त्याचं डोकंच फिरे. गावातल्या एका बड्या असामीने देव्हारा सांगितला. वर कळस हवा, खांबांवर वेल हवी, पुढे घुंगरं हवीत. याने वर्षभराने नेऊन दिली ती सागाची एक साधी, सरळ चौकट. मालक भडकले. हा म्हणाला, “देवाला बसायला कमी पडलं तर सांगा, जागा वाढवून देतो.” देव्हारा परत आला. त्यात हा आता पटाश्या ठेवतो. गावाने त्याला कामं देणं हळूहळू सोडलं आणि चकचकीत सनमायक्याची दुकानं गाठली. याच्या कपाळावर आठी नाही. अशा माणसाचं काय करायचं, सांगा!

पण मुलीच्या लग्नात या हट्टाने घात केला. एकुलती एक पोर, बोर्ली पंचतनला दिलेली. तिच्यासाठी याने दोन वर्षं राबून कपाट केलं. सागाचं, गुळगुळीत, दाराला कडीसुद्धा नाही. बोट लावलं की दार आपोआप पुढे यायचं. आमच्याकडे रुखवत मांडतात तेव्हा मुलीकडची प्रत्येक वस्तू साऱ्या बायका उलटसुलट करून बघतात. तिथे आरशांची, मोरांची, सोनेरी बुट्ट्यांची झगमग असते. त्या झगमगाटात हे कपाट मुकाट्याने उभं राहिलं. वराकडची एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगोबाई, हे अजून पुरं व्हायचंय वाटतं!” मांडव हसला. मी नवरीकडे पाहिलं आणि मला खाली बघावं लागलं. सासरी ते कपाट पडवीत गेलं, खताच्या गोणी ठेवायला. “बापाने अर्धवट कपाटावर भागवलं,” हे तिने बारा वर्षं ऐकलं. माहेरी ती आईच्या तेराव्याला आली, त्यानंतर नाही.

आणि आता बघा गंमत! गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले उठले, आणि त्यांना हवंय ते सगळं साधं. एक चष्मेवाली डिझायनर मुलगी माझ्या खोलीत उतरली होती. माझ्या खुर्चीभोवती तिने तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, “अंकल, ही खरी अंडरस्टेटेड लक्झरी!” म्हणजे श्रीमंती असावी पण तिने ओरडू नये, असं काहीसं तिने पाऊण तास समजावलं. तेव्हापासून याच्या अंगणात गाड्या लागतात, मोठमोठी माणसं मुकाट वाळूत बसून मापं देतात. देव्हारा परत पाठवणारेही परवा तिथे घुटमळताना दिसले. मला तर संतापच आला. ज्या साधेपणासाठी पोरीचं हसं झालं, त्याच्यापुढे आता सगळे माना डोलावतात.

त्याच्या मनात मात्र एकच. “मास्तर, तू तिला फोन कर. माझा घेते, ‘बरं हाय’ म्हनते नि ठेवते. तिला सांग, आता लोक हेच मागतात. मग येईल ती.”

मी केला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “काका, कपाट चांगलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. सुताराची मुलगी आहे मी. पण मला दाराला आरसा हवा होता. बाबा परक्या माणसांना चष्मा कुठं ठेवता म्हणून विचारतात. मला एका शब्दाने विचारलं का?”

खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याने हातातला रंधा खाली ठेवला. “खरं हाय,” एवढंच म्हणाला. दोन दिवसांनी एस.टी. धरून बोर्लीला गेला, एक रात्र राहिला, आणि परतला तो थेट माझ्या ओटीवर.

“विचारलंस?”

“इचारलं. काय करून देऊ, कसं देऊ, आरसा केवढा लावू, समदं इचारलं. म्हनली, बाबा, आता कायच नको.”

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची दया आली. मी म्हटलं, “पुन्हा जा. पण या खेपेला लाकडाचं काही बोलू नकोस. ती कशी आहे, तेवढंच विचार.”

तो अगदी मनापासून मला म्हणाला, “ते कसं इचारतात रे मास्तर?”